दोन एक्के आणि काकांचा सल्ला

ओल्या कोथिंबिरीचा वास आला की मला दोन एक्के आठवतात. काही वर्षांपूर्वी मखमलाबादच्या मळ्यात काकांसोबत जुड्या बांधताना, क्रेटला मोबाइल टेकवून मी वीस रुपयांची पोकर स्पर्धा खेळत होतो. पहिल्या नऊ जणांना रविवारच्या मोठ्या स्पर्धेचं तिकीट होतं, आम्ही पंधराच उरलो होतो आणि तिकीट आणतोच, असं मी बायकोला सांगून बसलो होतो. हातात दोन राजे आले. मी दणकून बोली वाढवली, तर सगळ्यांनी पानं टाकून डाव सोडला आणि माझ्या हाती चिल्लर आली. काका म्हणाले, “येड्या, असा भाव सांगितल्यावर गिऱ्हाईक थांबल का? माल चांगला असला की गप बसायचं.” पटलं. मग दोन एक्के आले, मी बोली न वाढवता साधूसारखा गप्प राहिलो, चौघं स्वस्तात आत आले आणि त्यातल्या एकाने टेबलावरच्या पानांतून सत्ती-दुर्रीच्या दोन जोड्या जमवून माझी एक्क्यांची एकच जोडी हरवली आणि मला स्पर्धेबाहेर काढलं. “चौघांना आत घेतलंस कशाला?” काका डाफरले. “तुम्हीच म्हणालात ना, गप बस!” “एका गिऱ्हाइकापुरतं रे! जत्रा भरवायला नाय सांगितली!” तेव्हापासून चांगलं काही हाती आलं की ओरडावं की गप्प बसावं, तेच मला कळत नाही. मागच्या महिन्यात बढतीचं पत्र मिळालं, तेही बायकोला शेजारणीकडून समजलं.