वसाहत नावाचं आमचं गाव

तुमच्या घराण्याची म्हणून जी जमीन आहे, ती तुमची होण्याआधी कोणाची होती, हे तुम्ही घरात कधी विचारलं आहे का? "पूर्वी तिथे काहीच नव्हतं, नुसता माळ होता," हे उत्तर मला नको. मलाही लहानपणी तेच मिळालं होतं आणि मी ते निमूटपणे खरं मानलं होतं.

मी पत्रकांत वाढले. बाबा दिवसा शाळेत शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ चळवळीला द्यायचे. आमच्या दोन खोल्यांत पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली, पिठाच्या डब्यावर, खिडकीत असत. माझ्या वह्यांना फसलेल्या छपाईच्या कागदांची कव्हरं असायची, त्यामुळे माझ्या भूगोलावर 'धिक्कार' लिहिलेलं असे. 'वसाहतवाद' हा शब्द मला स्वतःचं आडनाव नीट लिहिता येण्याआधी लिहिता येत होता.

त्यातलं एक पत्रक मला पाठ होतं. इंग्रज सरकारने गावोगावचे चराईचे माळ आधी सरकारी कुरण म्हणून ताब्यात घेतले, मग तेच पडीक ठरवले आणि शेवटी खंडाने धनिकांना देऊन टाकले, असं त्यात होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी ते हात उगारून म्हणून दाखवलं होतं. 'धनिकांना' या शब्दावर टाळ्या पडल्या.

सुट्टीत आम्ही बाबांच्या गावी जायचो. कालव्याकाठची वस्ती, काळी जमीन, विहीर, काकांचं घर. एसटीचा कंडक्टर फाट्यावर ओरडायचा, "चला, वसाहतवाले उतरा!" त्या वस्तीचं नावच वसाहत. सातबारावर वसाहत, शाळेच्या दाखल्यावर वसाहत. मी वसाहतवादाविरुद्ध घोषणा पाठ करत वसाहतीत उतरत होते आणि दोन शब्दांतलं नातं माझ्या कानांना कधी कळलं नाही. मराठी माझी मातृभाषा. तरी नाही कळलं.

आता मी नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरात एका संशोधन संस्थेत नोकरी करते. बाबा निवृत्त झाले तेव्हा गेल्या शरदात आई-बाबांना इकडे बोलावलं. आईला संग्रहालयं, पवनचक्क्या वगैरेंत फारसा रस नव्हता. तिला इथल्या नदीच्या बांधावर चरणाऱ्या मेंढ्या बघायच्या होत्या. आई मेंढपाळाच्या घरातली. तिचं आणि बाबांचं लग्न चळवळीत जमलं आणि त्यावरून वसाहतीत वर्षभर कोणी आमच्या घरचं पाणी प्यायलं नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यामागे जातीशिवाय आणखी काही असेल असं वाटलं नव्हतं.

त्या तिने पाहिल्या आणि नापास केल्या. "नुसत्या तारेच्या आत खात बसल्यात. चालत न्हाईत. अशानं खूर कुजत्यात." म्हणून एका रविवारी मी दोघांना शहराबाहेरच्या माळावर नेलं. तिथे जांभळ्या झुडपांची जुनी रानं राखून ठेवली आहेत आणि एक मेंढपाळ कळप घेऊन फिरतो. हातात काठी, सोबत दोन कुत्री, अंगात पावसाळी जाकीट. आई त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू माहेरचं कोणी भेटलं.

"विचार त्याला, चराईचं काय घेतात म्हणावं."

मी विचारलं. तो हसला. म्हणाला, घेत नाहीत, देतात. नगरपालिका त्याला इथे चारायचेच पैसे देते. मेंढ्या नसतील तर झाडं वाढतील आणि माळ मरेल.

मी आईला मराठीत सांगितलं. ती आधी मोठ्यांदा हसली. "म्हंजे सरकारी नोकर की गं हा! पेन्शन पण असंल."

मग हसणं थांबलं. ती म्हणाली, "माझ्या भावाला दंड करत्यात. त्याच कामाचा."

मेंढपाळाने आईला एक कोकरू धरायला दिलं. तिने त्याच्या तोंडात बोट घालून दात पाहिले आणि परत दिलं. तिथल्याच बाकावर बसून तिने ती गोष्ट सांगितली, तिच्या आजोबांकडून आलेली.

त्यांच्या माळाला हद्द नव्हती. पावसाळा संपला की कळप कुठल्या बाजूने उतरायचा आणि उन्हाळ्यात कुठल्या बाजूने चढायचा, एवढंच ठरलेलं. मग साहेब आला आणि चुना फासलेले दगड रोवून गेला. आतलं गवत सरकारी. ते कापून लष्कराच्या घोड्यांना जाणार. आत मेंढरू सापडलं तर कोंडवाडा. पुढे कालव्याची आखणी झाली आणि साहेबाने ठरवलं की गवतापेक्षा बागायतीत सरकारचा फायदा जास्त. माळाचे तुकडे पाडले आणि लांबून माणसं आणून त्यांना खंडाने दिले. मेंढरंवाल्यांनी अर्ज केला, आम्हीही खंड भरतो, आम्हाला द्या. उत्तर आलं, तुम्ही फिरस्ते, तुम्ही कसणार नाही.

"धनिकांना दिले," मी म्हणाले. पाठ होतं ना.

आई बाबांकडे बघत होती. "सांगा की."

बाबांनी माकडटोपी खाली ओढली. "माझ्या पणजोबांना," ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, "धनिक कसले? दुष्काळातून उठून आलेली माणसं होती. पाठीवर भांडी होती फक्त."

"मी कुठं म्हणते धनिक होते? तुम्हीच छापलंत."

बाबा उठून बसच्या थांब्याकडे चालू लागले.   परतीच्या बसमध्ये मी मनात तो शब्द तोडून पाहत होते. वसाहत, वसाहतवाद. ज्यांनी वसवलं आणि ज्यांना वसवलं. आणि ज्यांना उठवलं त्यांची मी भाची.

थोड्याच दिवसांनी मामाचा फोन आला. सकाळची वेळ होती, मी डबा भरत होते. आईने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मागून मेंढ्यांचं ओरडणं येत होतं.

"आक्का, तुमच्या वसाहतीत आलोय. दाजींच्या रानापाशी. तार मारलीया गं सगळीकडनं."

मामा दरवर्षी दिवाळीनंतर कळप घेऊन खाली उतरतो आणि त्या वाटेवर आमच्या रानात दोन रात्री मेंढरं बसवतो. बाजरी निघालेली असते. मेंढ्या धाटं खातात, रानाला लेंडीखत मिळतं, कोणी कोणाचे उपकार मानत नाही. या वर्षी काकांनी ठिबकच्या नळ्या अंथरून चारी बाजूंनी कुंपण घातलं होतं. रस्ता रुंद झाला होता, कडेला थांबायला जागा नव्हती आणि कळपात नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या होत्या.

"पलीकडचा तुकडा मोकळाच हाय," मामा म्हणाला. "तिथं नळ्या बी न्हाईत. दाजींनी एक फोन केला तर हुतंय. त्यांचं भाऊ माझं ऐकत न्हाईत."

बाबा समोरच बसले होते. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. फोन बंद झाल्यावर म्हणाले, "आमच्या दोघा भावांत वाटणी व्हायची आहे. आत्ता मी मेव्हण्यासाठी भावाशी भांडलो असं होईल."

"भांडू नका. बोला," आई म्हणाली.

"बोलतो. जरा विचार करून बोलतो."

आणि बाबा कागद घेऊन बसले. संध्याकाळी मी घरी आले तेव्हाही ते लिहीतच होते. फोन केला नव्हता. पत्रक लिहिलं होतं. कुंपणांबद्दल, चराईच्या हक्काबद्दल, इंग्रजांच्या खंडाबद्दल. चांगलं होतं, हे वाईट. त्यांनी ते आईला वाचून दाखवलं. "आज उरलीसुरली गायरानं ही पुढाऱ्यांची चराऊ कुरणं झाली आहेत," असं वाक्य आलं तशी आई म्हणाली, "थांबा. चरणं म्हंजे चोरी कधीपास्नं झाली?"

"अगं, तसं म्हणतात."

"कोण म्हणतं? मेंढरू म्हणतं का?"

मला राहवलं नाही. "बाबा, तुमचं पत्रक वाचून एक तरी मेंढी आत जाणार आहे का? फोन करा!" मी ओरडले. वरच्या शेजाऱ्याने जमिनीवर टकटक केली. इथे आवाज चढला की टकटक होते.

त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दादा, निम्मी जमीन तुझी, कबूल आहे. कुठली निम्मी ते वाटणीत ठरू दे, तेवढी तार काढतो." काका वाईट नाहीत. नळ्यांचं कर्ज त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर आहे आणि बाबा गेली कित्येक वर्षं तिथे फक्त सणाला जातात. तरी बाबा या वेळी हटले नाहीत. बराच वेळ बोलले, आवाज न चढवता. शेवटी काका म्हणाले, "बरं. पलीकडच्या तुकड्याची एक बाजू सोडतो. एकच रात्र."

आईने लगेच मामाला फोन लावला. मामा पुढे निघून गेला होता. रात्र त्याने हमरस्त्याच्या कडेला काढली होती. पहाटे मेंढ्या शेजारच्या कोणाच्या तरी बांधावरचं गवत खाऊन आल्या होत्या. त्यावर तणनाशक मारलेलं होतं की आणखी काही, ते कोणालाच सांगता आलं नाही. तो बोलत होता तेव्हा व्यालेल्या मेंढ्या पडायला लागल्या होत्या.

"कोकरं पितायत अजून," तो म्हणाला. "मेलेल्या आईला."

 आई फक्त "व्हय, व्हय" म्हणत राहिली.

उरलेला कळप त्याने त्याच आठवड्यात व्यापाऱ्याला दिला. त्याचं कुत्रंही कळपामागे गेलं आणि परत आलं नाही. आता मामा शहरात मुलीकडे राहतो. मुलगी सांगते, पहाटे उठून जिन्यात उभा राहतो, कोणी वर आलं की विचारतो, पाऊस कुठवर आलाय. मेंढरांचा विषय काढला तर म्हणतो, "गुडघं तसं दुखतच हुतं."

बाबांनी पत्रक पुरं केलं. कुरणांचं वाक्य काढलं, 'धनिकांना' खोडलं आणि लिहिलं, 'माझ्या पणजोबांना'. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते त्यांनी जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर टाकलं. खाली जोडलेल्या हातांची चित्रं आली, अंगठे आले. आईने ते वाचलं, चष्मा पुसला आणि कणीक मळायला घेतली. दोघं परत जाईपर्यंत तिने बाबांना एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. एकाच ताटातून जेवणारी ती दोघं गप्प होती, आणि त्या गप्प बसण्याला शंभराहून अधिक वर्षांचं वय होतं.

या देशात माझ्यासारखे तुम्ही पुष्कळ जण आहात, ज्यांचं गावी थोडं तरी रान आहे आणि ते दुसरं कोणी कसतं. बहुतेकांनी ते कित्येक वर्षांत पाहिलेलंही नसेल. त्या माणसाला आज फोन करा. सुगी झाल्यावर वाटेने जाणारे कळप आत बसू द्यायचे, एक बाजू मोकळी ठेवायची, एवढंच सांगा. त्याची अडचण असेल तर ऐकून घ्या आणि त्यातला अर्धा भार उचला. लिहू नका, ग्रुपवर टाकू नका, वाटणीची वाट बघू नका. तिकडे दिवस आपल्याआधी उजाडतो. कळप आत्ता निघाले असतील.