परतीच्या गाडीने नागपूर

पहाटे पाचला अहिल्यानगरच्या स्टँडवर शिर्डीच्या एसटीत चढलो, तेव्हा खिशात धाकट्या भाचीच्या लग्नाची पत्रिका होती आणि डोक्यात थोरलीच्या लग्नातला राग. तीन वर्षांपूर्वी नागपुरात गुरुजींनी माईकवरून ‘मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात आणावे’ असं पुकारलं, तेव्हा मी स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी भाव करत होतो. पोहोचायला दहाच मिनिटं उशीर झाला. पण बहिणीच्या घरच्यांना तेवढाही दम निघाला नाही. त्यांनी शेजारच्या सातपुत्यांना मामा करून टाकलं. अल्बममध्ये भाचीच्या मागे आजही सातपुतेच उभे आहेत, माझ्यासाठी आणलेला फेटा बांधून.

या वेळी मुलीला मांडवात मीच आणणार होतो. पत्रिकेत मुहूर्त संध्याकाळी सहा बेचाळीसचा छापला होता. सुमनने, म्हणजे माझ्या बहिणीने, तो पेनाने खोडून पाच अकरा केला होता. मी लगेच फोन करून सांगितलं, छापणाऱ्याची चूक असेल तर अर्धे पैसे परत घे. ‘बघते दादा,’ एवढंच ती म्हणाली.

नगरहून नागपूरला जायच्या वाटा पुष्कळ. बायकोने दीड महिना आधी रेल्वेचं तिकीट काढलं आणि ती दोन दिवस आधीच गेली. माझंही काढणार होती, पण ठरल्या भावात काही घेणं मला जमत नाही. हातगाडीवर बारदान (रिकामी पोती) विकत मी मोठा झालो, पोत्यामागे चार आणे सोडवत. ट्रॅव्हल्सचा एजंट म्हणाला, ‘आरामात झोपून जा, काका.’ ती झोपायची जागा मी जाऊन पाहिली. माझे गुडघ्याखालचे पाय बाहेर राहत होते. मी म्हटलं, जेवढा मी आत मावतो तेवढेच पैसे घे. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. घरी स्वतःची गाडी आहे. पण दुसऱ्याचे टायर झिजवता येत असताना आपले का झिजवावेत?

जाणता माणूस परतीच्या गाडीने जातो. नागपूरचे भाविक शिर्डीत सोडून भाड्याच्या गाड्या रिकाम्या परत निघतात. रिकामं जाण्यापेक्षा निम्म्या भाड्यात सवारी बरी, म्हणून ड्रायव्हर नरम असतो. पार्किंगमध्ये नागपूरची एमएच ३१ ची पाटी शोधायची आणि घाई नसल्यासारखं चहा पीत उभं राहायचं.

साडेसातला मी तसाच उभा होतो. पहिल्या दोन ड्रायव्हरांना मी इतकं ताणलं, की दोघंही रिकामेच निघून गेले. शेजारी हार विकणारी बाई म्हणाली, “दादा, लई ताणू नका. आजच जायचं हाय ना तुमाला?”

तिसरा गजू. त्याने सांगितलेल्या भाड्याच्या निम्मं मी बोललो आणि तो हसून म्हणाला, “बसा न भाऊ, पुढच्या सीटवर.” एवढ्या सहज कुणी मान्य केलं की मला आनंद होण्याऐवजी वाईट वाटतं, अजून खाली जायला हवं होतं.

बसून अर्धा तास झाला तरी गाडी हलेना. नवाच्या सुमारास प्रसादाच्या पिशव्या घेतलेले एक वयस्क नवराबायको मागे येऊन बसले. गाडी रिकामी नव्हतीच. त्यांनी जाऊन-येऊन ठरवलेली होती. आणि गाडी निघाली ती राहुरीकडे. म्हणजे मी जिकडून आलो तिकडे!

“अरे, नागपूर इकडे कुठे?”

“आधी शिंगणापूर, मंग नागपूर. काऊन (कशाला) टेन्शन घेऊन राहिले?”

“हे तू मला सांगितलं नाहीस!”

“तुमी भावच इचारला, भाऊ. रस्ता कुठी इचारला?”

मी तावातावाने त्याला गाडी थांबवायला लावली आणि उतरलो. दोन्ही बाजूंना ऊस, समोर रिकामा रस्ता. गजूने इंजिन बंद केलं नव्हतं. मी पुन्हा बसलो.

शनिदर्शन होईपर्यंत अकरा वाजले. तिथून नगरच्या आमच्या मार्केट यार्डला तासाभरात पोहोचलो असतो. सोनईजवळ रसवंतीवर मागच्या सीटवरच्या काकूंनी सगळ्यांना रस पाजला आणि माझी चौकशी केली. मी मामा आहे हे कळल्यावर त्या ओरडल्याच, “मुलीचे मामा तुम्ही? अन् असे हिंडून राहिले? गजू, आता कुठी थांबायचं नाही! यांची चहाची सवय मोडली तरी चालेल.” यांची म्हणजे काकांची. काकांनी मान डोलावली. त्यांचा भाव बहुधा लग्नातच ठरला होता.

नेवासा फाटा, छत्रपती संभाजीनगर, मग समृद्धी महामार्ग. सरळ, गुळगुळीत, वळण नसलेला रस्ता. भांडायला जागा नाही. काकूंनी घरून आणलेली संत्रा बर्फी दिली. पाच अकरा झाले तेव्हा आम्ही वर्ध्याच्या आसपास होतो. मी बर्फी तशीच कागदात गुंडाळली. सातपुते फेटा बांधून उठले असतील, एवढंच दिसत होतं. काकू म्हणाल्या, “थांबतील हो.” माझे लोक थांबत नाहीत, हे त्यांना कसं सांगणार?

सव्वासहाला गजूने मला कार्यालयाच्या दारात सोडलं. दारात नवरदेवाची वरात अजून नाचत होती. आत सातपुते उभे होते, फेटा हातात. मला पाहताच त्यांनी तो माझ्या डोक्यावर ठेवला. “आलात? मी आपला राखीव होतो.”

“मुहूर्त पाच अकराचा...”

“फक्त तुझा,” सुमन म्हणाली. “बाकी सगळ्यांचा सहा बेचाळीस.”

मी भडकणार होतो. तेवढ्यात माईकवरून पुकारा झाला आणि भाचीने माझा हात धरला. मांडवापर्यंत तिने तो सोडला नाही. मीही सोडला नाही.

परतीचं रेल्वेचं तिकीट बायकोने माझंही आधीच काढून ठेवलं होतं. मनमाड मागे पडलं तेव्हा मी पत्रिका काढून पुन्हा पाहिली. सुमन माझ्याच घरची. छापलेला आकडा मी आयुष्यात कधी खरा मानला नाही आणि खोडून कमी केलेला लगेच पटतो, हे तिला चांगलं माहीत. राग अजून आहे. दीड तास म्हणजे फारच कापला. तासाभरात काम झालं असतं.