पंख्याखाली दबलेली बासरी

सत्तरच्या दशकातली एका विलायती प्रोग्रेसिव्ह रॉक बँडची तबकडी मी तेव्हा याच मासिकाच्या एका अंकात परीक्षण लिहून निकालात काढली होती. ‘सुरुवात कोरी, पुढे गोंगाट,’ असं लिहिलं होतं. आमचे शेजारी ती अजून लावतात. सुई टेकवण्याआधी मात्र भर मे महिन्यातही पंखा बंद करतात.

“अहो, उकडून मारता काय?” परवा त्यांच्या घरी मी म्हणालो.

“घाम मागनं पुसा की, सर. आधी ऐका.”

त्या कोऱ्या जागेत बासरी होती, अगदी हलकी. पुढचा सगळा ‘गोंगाट’ तिच्याच धुनेतून उलगडत गेला. माझ्या घरी ती पंख्याच्या घरघरीत बुडाली होती. तबकडी उत्तम आहे, हे आज लिहून देतो. असा कान आमच्या सोलापुरात आहे, याचा अभिमान वाटतो.

“आता लावू पंखा?” त्यांनी विचारलं.

“दुसरी बाजू राहिलीय की,” मी म्हणालो.