लवूची बसायची जागा

आखातात असताना आमच्या रिग्गईच्या खोलीत कुडाळचा लवू पेडणेकर राहायचा. कामाने वेल्डर. दर हिवाळ्यात त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर लवू आला होता तो अरब, बायकामुलांना घेऊन वाळवंटात मुक्कामाला जायचा. कॅराव्हान, म्हणजे चाकांवरची राहायची खोली, पिकअपच्या मागच्या हुकाला लावलेली असायची आणि लवू हौद्यात, कापायच्या मेंढ्याशेजारी.

२००३ साली कफिलाने मोठी कॅराव्हान घेतली. हिची मान, म्हणजे जोडायचा पुढचा भाग, हुकाला न लागता थेट पिकअपच्या हौद्यात टेकायची. राई भागातल्या गॅरेजात लवूनेच हौद्याला भोकं पाडून ती मान अडकवायचं लोखंडी जोखड बसवलं.

निघताना हौद्यात बसायला जागा उरलीच नव्हती.

"कॅराव्हानमध्ये बसू?" लवूने विचारलं.

"आत गालिचा नवा आहे," कफील म्हणाला.

मेंढ्याला मात्र मागच्या सीटवर प्लास्टिक अंथरून मुलांच्या मधे बसवलं. लवू सोबत निघालेल्या पाण्याच्या टँकरच्या शिडीला लटकून गेला, आणि पोचल्यावर तो मेंढा त्यानेच सोलला.

परत आला तेव्हा दोन्ही तळहात सोलवटलेले होते. आम्ही कफिलाला शिव्या घालत होतो आणि हा गाढव अभिमानाने सांगत होता, "अख्ख्या वाटेत जोखड जरापण हललां नाय."