खंडेनवमीची बॅटरी

विडी पेटवायची झाली की बुधाजीकाका लाँचच्या पार टोकाला जायचे. बॅटरीच्या फळीवर कोणी तांब्या ठेवला तर न बोलता उचलायचे. दिवा लावण्याआधी बकुळाकाकूंना विचारायचे, "लागताच काय?" ऍसिडने भोकं पडलेला सदरा शिवू द्यायचे नाहीत. आणि जयवंतचं नाव निघालं की उठून बॅटरीच्या खोक्याशी जायचे, तिथे काही काम नसलं तरी.

या शेवटच्या सवयीचा अर्थ मला उशिरा कळला.

काका देवगडकडचे. सगळी हयात लाँचच्या इंजिनावर गेली. लालबागच्या आमच्या चाळीतली खोली त्यांनी धाकट्या भावाच्या संसाराला दिली आणि कॉटन ग्रीनजवळ बंदरात बांधलेल्या एका जुन्या लाँचवर राखणदार म्हणून बिऱ्हाड थाटलं. मालकांचं भांडण कोर्टात होतं, त्यामुळे लाँच हलणार नव्हती. मी बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो. रविवारी तिथे जाऊन बसायचो.

"काय रे बीए, तुझ्या पुस्तकात बॅटरी असता काय?"

"नाही काका."

"मगे कसला पुस्तक ता!"

त्यांच्याकडे दोन बॅटऱ्या होत्या. एक मोटारीची, जुनी. दुसरी नवी, जाड पत्र्यांची. मोटारीची बॅटरी दांडगट, ते म्हणायचे. एक धक्का देईल, इंजिन उठवेल आणि दमेल. बोटीवर राहायचं तर रोज थोडं थोडं देणारी, सोशीक हवी. "बायको बघताना बघनत नाय तितक्या बघूक होया."

आतून काकू म्हणाल्या, "माका बघूक तुम्ही खंय इलात? तुमची आवस इली हुती."

नव्या बॅटरीसाठी दोघांनी वर्षभर कंदिलावर काढलं होतं. ती आल्यावर काका तिला जपू लागले. आतले पत्रे उघडे पडू द्यायचे नाहीत, पण पाणी काठोकाठही भरायचं नाही. पाणी डिस्टिलच, नळाचं कधीच नाही. अर्ध्याच्या खाली उतरू द्यायची नाही. टोकांवर पांढरा क्षार धरला की सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन लावायचं.

त्या वर्षी खंडेनवमीच्या संध्याकाळी आमच्या चाळीसमोर समितीची सभा होती. लाउडस्पीकर चाळीतल्या जयवंतचा; सभांना तो पुरवणं हा त्याचा धंदा. त्याची बॅटरी दुपारी हमालाच्या हातून पडून फुटली. तो मला घेऊन धावतच लाँचवर आला.

"काका, तुमची नवी द्या. सकाळी आणून देतो."

नव्या बॅटरीवर झेंडूची माळ होती, हळदकुंकू होतं. शेजारी पाने-पक्कड पुजलेली. काकांनी तिच्याकडे पाहिलं.

"पुजलेली हा रे. उद्या दसऱ्यापर्यंत हलवची नाय."

आमच्याकडे हा रिवाज सगळेच पाळतात. जयवंतने हात जोडले. "मग ती जुनी? चालेल ना सभाभर?"

"चालात," काका म्हणाले.

सभेत गंगुबाई बोलणार होत्या. त्यांचा एकुलता मुलगा समितीच्या मोर्चावरच्या गोळीबारात गेला होता. तेव्हापासून त्या कुठे बोलल्या नव्हत्या. दोन वक्ते झाले. गंगुबाई उभ्या राहिल्या, "माजो झील" एवढं म्हणाल्या आणि लाउडस्पीकर बंद पडला. त्यांचे ओठ हलत राहिले. मागून लोक ओरडू लागले, "आवाज! आवाज!" आपल्यालाच गप्प करतायत असं त्यांना वाटलं. त्या पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

"किती घेतलेस रे फितुरीचे?" कोणीतरी जयवंतला विचारलं. मग सगळेच विचारू लागले. पुढे समितीने त्याला कधी बोलावलं नाही.

काका माझ्या शेजारी उभे होते. नंतर पाहिलं तर तिथे नव्हते.

बरेच महिने गेले. एका रविवारी बॅटरी पुसता पुसता ते म्हणाले, "पूजा निमित्त हुती रे. देवाच्या आड लपलंय मी."

मला कळेना.

"लाउडस्पीकरवाले बॅटरी पिळून काढतत. नवी खराब करतले असा वाटला. जुनी टिकाची नाय ह्या माका ठाऊक हुता. तरी 'चालात' म्हटलंय."

"मग जयवंतला सांगा."

"त्येका एकट्याक नाय. त्येका नाव ठेवल्यानी चारचौघांत."

त्यांनी ठरवलं होतं. पुढच्या सभेला नवी बॅटरी स्वतःच्या खांद्यावरून न्यायची. आधी लाउडस्पीकरवर आपली चूक सांगायची, मग गंगुबाईंना बोलू द्यायचं. ते गंगुबाईंकडे जाऊनही आले होते. "परत आवाज जाईत नाय मां?" त्यांनी विचारलं होतं. काकांनी शब्द दिला होता. जयवंतला मात्र त्या दिवसापर्यंत काही सांगायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

सभा रविवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी लाँचवरच काकांच्या छातीत कळ आली. डॉक्टर येईपर्यंत ते राहिले नाहीत.

तिरडीला जयवंतने खांदा दिला. परतताना मला म्हणाला, "देवमाणूस रे. त्या वेळी होती ती बॅटरी तरी दिली."

मी मान हलवली. हे लिहितानाही मान वर होत नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंची लुगडी चाळीत आणायला आम्ही लाँचवर गेलो. नवी बॅटरी खोक्यातून काढून दाराशी ठेवलेली होती. टोकं घासून लख्ख, वर व्हॅसलीन. खांद्यावर घ्यायला गोणपाटाची चुंबळ वळून ठेवलेली. सहाही घरांची बुचं काढून फडक्यावर ओळीने मांडली होती. डिस्टिल पाण्याची बाटली उघडीच होती.

चार घरं भरली होती. दोन घरांत पाणी अजून पत्र्यांना जेमतेम टेकलेलं होतं.