मोहोर पाहणारे मकबूलचाचा

पौषातल्या सकाळी मकबूलचाचा आमच्या आमराईत आले की पहिल्यांदा चपला काढून बांधावर ठेवत. डोक्याला मफलर, अंगात जुना कोट आणि पाय मात्र उघडे. दवानं भिजलेल्या मातीत ते एकेका आंब्याखाली उभे राहत, खोडाला गाल लावत आणि पुढच्या झाडाकडे वळत. वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी हे पाहिलं आणि न राहवून म्हणाले, "चाचा, सर्दी होईल तुम्हाला."

"होऊ द्या की, बाई. मला झाली म्हंजी झाडाला बी थंडी लागली म्हणायची!"

चाचा परंड्याचे बागवान. झाडावरचा मोहोर पाहून फळाचा अंदाज बांधायचा, अख्खी बाग आगाऊ सौद्यानं घ्यायची, राखायची आणि उन्हाळ्यात आंबा उतरवायचा, हा त्यांच्या घरचा पिढ्यांचा धंदा. वडिलांच्या तरुणपणापासून आमची बाग तेच घेत. मी शाळामास्तरीण, मला शेतीतलं फारसं कळत नव्हतं. जे कळलं ते त्यांच्यामुळे. "झाड झोपल्याबगर मोहरत न्हाय," ते सांगत. "थंडीत त्याला गाढ झोप लागली पायजे. मग उठतंय ते मोहोर घिऊनच."

झाडांना ते फार जपत. एकदा एका मजुरानं फांदी धरून गदागदा हलवली, तर चाचा खालून ओरडले, "लेकराला केस धरून उठवतो का रं? उतर खाली!" मग स्वतः जाळीचा झेला घेऊन त्यांनी त्या फांदीवरचा एकेक आंबा उतरवला.

वडील शेवटच्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळले होते. अन्न जात नव्हतं, डोळ्यांना दिसत नव्हतं. चाचा एक पाडाचा आंबा रुमालात बांधून घेऊन आले. देठाजवळ चिरून त्यांनी तो वडिलांच्या नाकाशी धरला. वडील बराच वेळ वास घेत राहिले आणि पुटपुटले, "विहिरीवरचा." चाचा सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत माझ्याकडे वळले. "बघा. वळखलं की न्हाय अण्णांनी?"

त्यानंतर हिवाळे बिघडत गेले. एका वर्षी पौषातसुद्धा घरात पंखा लावावा लागला. झाडांना मोहोर यायचा तर तांबूस कोवळी पालवी फुटली. दिसायला इतकी सुंदर की शाळेतल्या बाया फोटो काढून गेल्या. चाचा मात्र त्या पालवीकडे बघून खाली बसले. "झोपलंच न्हाय झाड," एवढंच म्हणाले.

धाकटा भाऊ पुण्याहून आला तो सरळ म्हणाला, "ताई, झाडं काढू. सोयाबीन टाकू." मी चाचांना विचारलं.

"जरा सबर करा, बाई. दोन हिवाळे द्या मला. वळखीची झाडं हायेत माझ्या."

त्यांच्या शब्दावर मी थांबले. पुढच्या वर्षी पावसाळा सरताच त्यांनी पाणी तोडून झाडांना ताण दिला. सगळी आळी स्वतः खोदली. मार्गशीर्षात काही दिवस बरी थंडी पडली आणि निम्म्या झाडांवर मोहोर फुटला. त्या दिवशी चाचांनी आमच्या ओट्यावर बसून चहा मागून घेतला आणि वर दुसरा कपही घेतला. सत्तरीचा माणूस, पण सारखा हसत होता. "म्या म्हनलं व्हतं का न्हाय? आपलीच झाडं हायेत. दगा देत न्हायती!"

पंधरा दिवसांत फाल्गुनासारखं ऊन पडू लागलं. मग आभाळ आलं ते हलेचना. मोहोर काळा पडला. जी थोडी फळं धरली, ती मिऱ्याएवढी असतानाच गळाली. मी बागेत गेले तेव्हा चाचा झाडाखाली उकिडवे बसून ती वेचत होते. ओंजळ भरली. ती कुठं टाकावी हे त्यांना सुचेना.

तिसऱ्या हिवाळ्यात थंडी आलीच नाही. माघात ते घरी आले, पण बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, "बाई, म्या तुमास्नी दोन वर्सं फुकट थांबवलं. आता तोडा."

"अजून एक वर्ष बघू की, चाचा."

"न्हाय. आता म्या थांबा म्हनलं तरी ऐकू नगा." मग आवाज अगदी खाली आला. "मला झाड कळंना झालंय."

चाळीस वर्षं आम्ही त्यांना ओळखत होतो. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

झाडं तोडायला करवतवाले आले त्या दिवशी चाचा आपणहून हजर होते. कुठलं झाड कुठल्या अंगाला पाडायचं ते सांगत दिवसभर उन्हात उभे राहिले. विहिरीवरचं एक तरी ठेवू, असं मी म्हणाले. "ठेवा," ते म्हणाले, "सावलीसाठी ठेवा. आंब्यासाठी ठेवू नगा."

त्यानंतर त्यांनी बागा घेणं सोडलं. परंड्याच्या आसपासच्या बऱ्याच आमराया तशाही गेल्याच होत्या.

आमची शेवटची भेट पुढच्या उन्हाळ्यात झाली. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले. भेटीच्या त्या दिवशी कुर्डुवाडीची बस धरायला मी स्टँडवर गेले, तर फाटकाजवळ एका हातगाड्यामागे चाचा बसलेले. ऐन आंब्याच्या दिवसांत गाड्यावर सफरचंदं होती, कुठल्याशा परदेशातली, प्रत्येकावर चकचकीत स्टिकर लावलेली. मला पाहून ते उठून उभे राहिले.  मी एक सफरचंद उचललं आणि उगाच विचारलं, "चाचा, गोड आहेत का?"

त्यांनी माझ्या हातातल्या फळाकडे पाहिलं.

"काय सांगू, बाई? ह्याचं झाड म्या बघितलं न्हाय."