एकशे वीस कप्पे

घरातलं शेंडेफळ म्हणून माझ्या नणंदेला सगळे बारकी म्हणतात. बारकी आता सेहेचाळीस वर्षांची आहे आणि चष्मा शोधायला तिला आधी चष्मा लागतो. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. आमच्याकडेच राहते आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणकांचं जाळं सांभाळते.

तिचं काम मला कळायला वेळ लागला. एकदा भांडी आवरताना तिने समजावलं, "वहिनी, प्रत्येक निरोप छोट्या छोट्या पुडक्यांतून येतो. कुठून आलं, कुठे जायचं, कुठल्या दाराने, हे पुडक्यावर लिहिलेलं असतं. वाटेतलं यंत्र ते वाचून आत सोडतं नाहीतर हाकलतं."

"म्हणजे दारावरचा वॉचमन."

"हो, पण याला एकेक नियम वाचत बसायला सवड नाही. सगळे नियम एका दमात ताडून बघायचे. त्यासाठी खास मेमरी असते. तापते फार आणि असते एवढीशी. आमच्यात चार हजार कप्पे."

"नियमाला एक कप्पा?"

"तिथेच तर घोळ आहे." कप्प्यात 'अमक्या दारापासून तमक्या दारापर्यंत' असं लिहिता येत नाही, असं ती म्हणाली. तसल्या पट्ट्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा कप्पा द्यायचा. येणाऱ्या बाजूचे सहा तुकडे, जाणाऱ्या बाजूचे वीस, प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी, की एका नियमाने एकशे वीस कप्पे गिळले.

असा नियम तिच्या यंत्रात एकच होता आणि तो सात वर्षांपूर्वी तिनेच लिहिला होता. सासूबाईंच्या उशाशी एक पांढरी डबी आहे. ती त्यांच्या हृदयाचे ठोके वाचून रोज रुग्णालयाला कळवते. अशा डब्या एक्केचाळीस घरांत आहेत, आणि तो नियम त्यांच्यासाठीच. मागच्या वर्षी ते आकडे बघूनच डॉक्टरांचा दोनदा फोन आला, आणि दोन्ही वेळा सासूबाई वेळेत पोचल्या.

"डबीवाल्यांनी विचारलं होतं, या पट्ट्यातलं कुठलंही दार चालेल का. तेव्हा यंत्र रिकामं होतं, मी चालेल म्हटलं. एक दार पक्कं करा, एवढं लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या, वहिनी."

आता डबीवाल्यांची कंपनीच बंद पडली होती. पट्ट्यातलं कुठलंही दार ठोठवायचं, हे डबीच्या पोटात कायमचं कोरलेलं. आणि सोमवारी रुग्णालयाचा नवा तातडीचा विभाग सुरू होणार होता. त्याला एकशे दहा कप्पे हवे होते. शिल्लक होते नऊ.

आठवडाभर जेवणाच्या टेबलावर नियमांचे कागद पसरलेले. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. शेजारशेजारचे नियम जोडून, दुबार झालेले खोडून बारकीने आणखी एकतीस कप्पे काढले. सत्तर तरीही कमीच. बाकीच्या नियमांना एकेक-दोन-दोन कप्पे. त्यात कुठे रक्ततपासणी, कुठे एक्स-रे, कुठे औषधं. सत्तर काढायचे तर निम्मं रुग्णालय मुकं करावं लागलं असतं. नवं मोठं यंत्र मंजूर होतं, पण यायला आठ महिने. उरला तो एकशे वीस कप्प्यांचा डब्यांचा नियम.

शुक्रवारी तिच्या साहेबांचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला; भाजी निवडता निवडता मी ऐकत होते.

"सगळी दारं उघडी टाकली तर डब्यांचं एका कप्प्यात भागतं, साहेब."

"आणि चोर शिरले की? गेल्या वर्षी शिरले होते, विसरलात?"

"त्या एक्केचाळीसांत माझी आई आहे."

"ठाऊक आहे, बाई. म्हणून तर तुम्हाला विचारतोय. दुसरं काही सुचत असेल तर सांगा, मी आत्ता ऐकतो."

बारकीने टेबलावरचे कागद पुन्हा एकदा चाळले आणि म्हणाली, "नाही सुचत, साहेब. सोमवारी डब्यांचा नियम काढते." मला तर काय सुचणार!

शनिवारी तिने चाळीस घरी स्वतः फोन केले. डबी चालू दिसेल पण आकडे पोचणार नाहीत, आठवड्यातून दोनदा तपासून घ्यायला या. एक आजोबा ओरडले, "दोनदा? मधल्या दिवसांत काही झालं तर तू येणार का गं धावत?" ती "आजोबा..." म्हणाली आणि पुन्हा तपासणीचे वार सांगू लागली.

आतल्या खोलीतून सासूबाईंनी हाक मारली. "एक्केचाळिसावा फोन कुणाला करणार आहेस?"

बारकी आत जाऊन पलंगाच्या कडेला टेकली. मी दारात.

"दिवा तर हिरवा लागलाय," सासूबाई म्हणाल्या.

"तो पाठवल्याचा गं आई. सोमवारपासून पलीकडे कुणी घेणार नाही."

"यंत्र तुझंच ना?"

"माझंच."

"आणि त्यात आईपुरती जागा नाही!"

"नाही गं."

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तशाच म्हणाल्या, "तीन जिने. गेल्या वर्षी उतरले कशीबशी. आता हे गुडघे घेऊन आठवड्यातून दोनदा मला खाली कोण नेणार?"

"खुर्चीत बसवून नेऊ," मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं म्हणून.

बारकी उठली. टेप आणि लाकडी खुर्ची घेऊन जिन्यावर गेली. मी वरून कठड्यावर वाकून बघत होते. दुसऱ्या वळणावर तिने खुर्ची आडवी केली, उभी केली, तिरकी केली, आणि शेवटी तिथेच पायरीवर बसली.

"वहिनी," तिने वर न बघताच म्हटलं, "तीन बोटं कमी पडतात."